‘साखर सोडा, 21 दिवसांत गोळ्या बंद’: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: साखर म्हणजे पांढरं विष. 21 दिवस साखर बंद केली की शुगर मुळापासून जाते, हे विदेशात सिद्ध झालंय, तेव्हा शुगर-बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन पहिल्याच दिवशी बंद करा. साखरेऐवजी गूळ आणि मध हवा तेवढा खा. सात दिवसांत पाच किलो वजन उतरतं. केळी आणि आंबा शुगरवाल्यांना जहर. कॅन्सर साखरेवर वाढतो, आणि साखर हाडांच्या भुकटीने पांढरी करतात. शेवटी, घरातला साखरेचा डबा आजच उकिरड्यावर फेका.

परवा तो घरच्या ग्रुपवर आला आणि खाली आप्पांचा रिप्लाय पडला: ‘आजपासून गोळ्या बंद.’ आप्पांचं वय बासष्ट, शुगर बारा वर्षांची. म्हणून हे उत्तर, आणि सगळ्यात घातक मुद्दा आधी.

‘21 दिवस साखर बंद, शुगर गायब, गोळ्या बंद’

‘विदेशात सिद्ध’ म्हणजे नक्की काय, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. वजन उतरवून टाइप 2 ची, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होते ती, शुगर औषधाविना आटोक्यात येते, हे ज्या अभ्यासाने भक्कमपणे दाखवलं तो ब्रिटनमधला. नाव ‘डायरेक्ट’, न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी तो केला आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यात लोकांची नुसती साखर काढली नव्हती, सगळं जेवणच काढून घेतलं होतं. रोज 825 ते 853 कॅलरींची मोजून दिलेली पेयं आणि सूप, तेही तीन ते पाच महिने. मग पायरीपायरीने नेहमीचं जेवण. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची शुगर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण 4 टक्के. ज्यांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात ते 86 टक्के, आणि ज्यांचं 5 किलोच्या आत उतरलं त्यांच्यात जेमतेम 7. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी निघाली की इन्सुलिनचं काम पुन्हा सुरू होतं, आणि ही चरबी निघायला वजन खरोखर घटावं लागतं. दोन वर्षांनी त्या 46 चे 36 झाले, म्हणजे सुटलेली शुगर काहींकडे परतही आली. ‘मुळापासून’ हा शब्द तिथेच बाद होतो.

त्या अभ्यासात घेतलं कोणाला, हे आप्पांसाठी जास्त महत्त्वाचं. वय 20 ते 65, वजन जास्त, शुगर लागून सहा वर्षांच्या आत, आणि इन्सुलिन चालू नसलेले. बारा वर्षांची शुगर असणाऱ्याला त्यात प्रवेशच नव्हता. गोळ्या तिथेही पहिल्या दिवशी थांबवल्या, हे खरं आहे. पण खाणं 850 कॅलरींवर आणून, ठरलेल्या दिवशी तपासणी करून, आणि शुगर किंवा बीपी चढलं तर औषध लगेच परत सुरू करायचं हे आधीच ठरवून. आपल्याकडे तीन भाकरी, वाटीभर शेवभाजी आणि भात तसाच ठेवून फक्त चहातली साखर काढायची आणि गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकायचं, असं सांगितलं जातंय.

गोळी किंवा इन्सुलिन मनाने थांबवल्यावर काय होतं, ते औषधागणिक वेगळं आहे.

ज्यांना लहान वयात टाइप 1 ची शुगर लागली, त्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बाहेरून दिलेलं थांबलं की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं: उलट्या, पोटदुखी, खोल धापा, मग बेशुद्धी. यात मूल दगावतं. हा मेसेज अशा मुलांच्या आईबापांपर्यंतही पोचतो, आणि लिहिणाऱ्याने त्यांच्यासाठी एक ओळही लिहिलेली नाही.

बीपीच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर ती एकदम तोडायची नसते, डोस हळूहळू उतरवतात. एकदम तोडली की धडधड वाढते, आणि हृदयाचा त्रास असलेल्याला अ‍ॅटॅक येऊ शकतो.

काही जण याच्या उलट चूक करतात. गोळी चालू ठेवतात आणि उत्साहाने साखरेबरोबर भाकरी-भातही सोडतात. पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं नाव असेल, तर ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. ती स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतच राहते आणि शुगर लो होते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर धोका वेगळा. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात भाकरी पूर्ण बंद, वर उपास, वर आपला वैशाख, पारा 44-45 वर आणि अंगातलं पाणी आटलेलं. अशा वेळी आम्ल साचण्याचा तोच प्रकार टाइप 2 मध्येही होतो, आणि मशीनवर शुगर 180-200 च दिसते. घरचे म्हणतात, शुगर तर बरी आहे, उलट्या उन्हाच्या असतील. तिथेच वेळ जातो.

आता ते 21 दिवस. मेसेज म्हणतो एकविसाव्या दिवशी तीन महिन्यांचा रिपोर्ट करा, नॉर्मल येईल. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. एकविसाव्या दिवशी रक्तात बऱ्याचशा जुन्याच पेशी असतात, मग त्या रिपोर्टवरून ‘शुगर गेली’ हे ठरणार कसं? धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे हा रिपोर्ट खऱ्यापेक्षा कमी येतो. घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची शुगर तपासायला सांगा. तो कमी आकडा बघून गोळी सोडणं फार महागात पडेल.

‘साखर विष, गूळ औषध’

आपल्याकडे घरोघरी होणारी चूक हीच. साखर 100 ग्रॅम म्हणजे 400 कॅलरी. गूळ 100 ग्रॅम म्हणजे 350 ते 380. फरक मुख्यतः गुळातल्या ओलाव्याचा. गुळातही बहुतांश ऊसाची तीच साखर असते, आणि रक्तातली शुगर तीही झपाट्याने चढवते. मधातही पाच भागांत चार भाग साखरच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोजते तेव्हा मध, पाक आणि फळांचा रस त्यातच धरते. तिची मर्यादा दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, पाच सपाट चमचे.

गुळात लोह असतं, हे मान्य. पण 10 ग्रॅमच्या खड्यातून फार तर मिलिग्रॅमभर मिळतं, आणि बाईमाणसाची दिवसाची गरज 29 मिलिग्रॅम आहे. गुळाने ती भागवायची तर शुगर आधी हाताबाहेर जाईल.

खरी गडबड मापात होते. साखर चमच्याने पडते, गूळ फोडून पडतो. चहात दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम साखर घालणारी व्यक्ती ‘औषध आहे’ म्हणून सुपारीएवढ्या खड्याऐवजी लिंबाएवढा टाकते. एकदा काट्यावर ठेवून बघा, तो किती भरतो. आखाजीच्या पुरणाचाही हिशेब करा. 1 किलो डाळीला 1 किलो गूळ घातला आणि खापरावर 20 मांडे उतरले, तर एका मांड्यात 50 ग्रॅम गूळ गेला. सोबत वाटीभर आमरस, त्यातही कोणी साखर घातलेली. सणाला एक मांडा खाल्ल्याने कोणी मरत नाही. गुळाचा आहे म्हणून तीन खाणं आणि दुसऱ्या दिवशी शिळे दुधात कुस्करणं, हे शुगरवाल्याने करू नये. रस घ्यायचा तर साखर न घालता, छोट्या वाटीने, आणि त्या जेवणात भात नको.

‘सात दिवसांत पाच किलो’

यकृतात आणि स्नायूंत मिळून 400-500 ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं एकदम कमी केलं की तो साठा वापरला जातो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. दोन दिवस पोटभर जेवलं की तेवढाच परत वर. पाच किलो चरबी म्हणजे 38 हजारांवर कॅलरी. सात दिवस एक घास न खाताही बहुतेकांच्या एवढ्या खर्च होत नाहीत.

‘केळी, आंबा जहर’

केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलच्या माणसाने तरी हे पुढे पाठवायला नको होतं. सोललेल्या 100 ग्रॅम केळ्यात सुमारे 90 कॅलरी, 20-23 ग्रॅम कर्बोदकं आणि अडीच ग्रॅम चोथा. घड पिकत जातो तशी त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून डाग पडलेल्या केळ्यापेक्षा नुकतं पिवळं झालेलं बरं. आटोक्यातली शुगर असेल तर एक लहान केळं चालतं. ते जेवणावर नको. सकाळी किंवा चारच्या सुमाराला मूठभर शेंगदाण्यांसोबत घ्या, आणि दोन तासांनी एकदा मशीनवर बघा, म्हणजे आपल्याला किती चालतं ते कळेल. शिकरण आणि केळ्याचा शेक नको, कारण त्यात वरून साखर पडते. किडनीचा आजार असेल तर केळ्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स मात्र फळात धरू नका.

‘कॅन्सर’ आणि ‘हाडांची भुकटी’

कॅन्सरच्या पेशी साखर जास्त वापरतात, हे 1920 च्या दशकापासून माहीत आहे. पण साखर खाल्ली नाही तरी यकृत रक्तातली साखर टिकवतंच, त्यामुळे साखर सोडून गाठ उपाशी मरत नाही. हाडांच्या कोळशाने साखर गाळणं परदेशातल्या काही रिफायनऱ्यांत चालतं. आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. आणि पिवळाधम्मक गूळ दिसला तर गुऱ्हाळावर त्यात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, पडलं असण्याची शक्यता मोठी. गूळ घ्यायचाच तर काळसर घ्या.

खरं आहे ते

साखर कमी केल्याने फायदा होतो, हे नाकारता येत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. महिन्याच्या 4800. किलोभर चरबीला साधारण 7700 धरल्या, तर कागदावर महिन्याला 600 ग्रॅम वजन. थंड पेयाच्या 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते, तीही सुटली तर उत्तमच. चहातली साखर एकदम सोडवत नसेल तर दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ सरावते.

मात्र हा हिशेब तेव्हाच जुळतो जेव्हा बाकीचं ताट तसंच राहतं. आणि तिथेच घसरतं. गोड बंद केलं म्हणून चहासोबत बिस्किटाऐवजी वाटीभर शेव येते, 50 ग्रॅम शेवेत अडीचशेच्या पुढे कॅलरी. शेवभाजीवरच्या तर्रीचा एक मोठा चमचा म्हणजे जवळपास 120. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण 70 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. तीनाच्या दोन करा. त्यातही कळण्याची करा. ज्वारीत आख्खे उडीद दळलेले असल्याने प्रथिनं वाढतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. भरीत भरपूर घ्या, तेल मोजून. दाळ घट्ट करा.

‘साखरेचा डबा फेका’

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या घरात हे करू नका. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, कडकडून भूक, बोलणं असंबद्ध, ही शुगर लो झाल्याची लक्षणं. मशीनवर 70 च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल तरीही, तीन सपाट चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर तेवढीच परत. वर आल्यावर भाकरी किंवा पोळी खायची. पेढा-बर्फी यावेळी कामाची नाही, त्यातल्या तुपाने साखर उशिरा शोषली जाते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. ग्लिमेपिराइडने लो झालेली शुगर सावरल्यासारखी वाटून काही तासांनी परत पडते, वयस्कर माणसात आणि किडनी कमजोर असेल तर जास्तच. म्हणून त्या रात्री एकटं झोपू देऊ नका.

आप्पा, तुमच्या पाकिटावर तीन नावं आहेत, त्यातलं शेवटचं वोग्लिबोज. ती गोळी आतड्यात साखर फुटू देत नाही, त्यामुळे शुगर लो झाली तर तुम्हाला साखरेचं पाणी किंवा गूळ वेळेवर लागू पडणार नाही. तुम्हाला ग्लुकोजची पावडरच लागेल. मेडिकलवर मिळते. एक पुडा घरात आणि एक शेतावरच्या पिशवीत ठेवा, आणि काकूंना तो कुठे ठेवलाय ते दाखवून ठेवा. गोळ्या आज रात्रीपासून परत सुरू करायच्या की डोस बदलायचा, ते आत्ता डॉक्टरांना फोन करून विचारा.