दुसरा हात काढ

आमच्या घरात आता ‘श्यामची आई’च्या तीन प्रती झाल्या. पहिली मला सातवीत वक्तृत्वाला मिळालेली. दुसरी लेकीच्या बारशाला आत्यानं दिलेली. तिसरी मी परवा बेळगावच्या खडेबाजारात दीडशे रुपये मोजून घेतली, आणि तिच्या मुखपृष्ठावर ज्वारीच्या पिठाची चार बोटं उमटलेली आहेत. बोटं माझी नाहीत. दीडशे रुपये माझे.

गेलो होतो लेकीला पुस्तक आणायला. मागणं साधं. ठळक अक्षर, चार-पाच पानांचं प्रकरण, मधेमधे चित्र, आणि प्रकरण संपताना असं काहीतरी की जेवायला हाक मारली तर पोरीनं ‘एकच मिनिट’ म्हणावं. खानापूरच्या बसमध्ये बसलं तर देसूर मागं पडेस्तोवर एक प्रकरण हातावेगळं व्हावं.

घोळ असा की पोरगी नऊ वर्षांची. तिचं मराठी बोलणं पन्नाशीतल्या बाईचं, आणि मराठी वाचणं सहा वर्षांचं. शाळा इंग्लिश मीडियम, दुसरी भाषा कन्नड. मराठी वाचायला मी रविवारी शिकवतो, म्हणजे मॅच नसलेल्या रविवारी. वाचायला झेपेल असं पुस्तक दिलं तर त्यात ससा निघतो. “पप्पा, मी काय बालवाडीत हाय?” वयाला शोभेल असं दिलं तर पहिल्या ओळीतच ‘स्वातंत्र्यपूर्व’ उभं असतं. पोरगी ‘स्वा’वरून घसरते ती ‘पूर्व’पर्यंत धरायला काही सापडत नाही.

दुकानाशेजारी पिठाची गिरणी आहे. तिथं दळण टाकून, वेळ काढायला एक काका आत आले होते. भुवया पांढऱ्या, अर्ध्या वयानं, अर्ध्या पिठानं.

“काय बघायला लागलाय ओ?”

“पोरीला पुस्तक.”

“कितवीला गं बाळ?”

“चौथीला.”

“मराठी शाळेत न्हवं?”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. काकांना काय ते कळलं. राजहंसगड मी एकट्यानं, एका रात्रीत, कवडीमोलानं विकल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि फळीवरून ‘श्यामची आई’ ओढली.

“हे घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ साली. पाच दिवसांत! पाच दिवसांत माणूस लिहितंय, तर तुमच्या पोरीला नुसतं वाचायला काय होतंय?”

ह्याला उत्तर नसतं. तरी मी द्यायला गेलो, तिथं चुकलो. म्हटलं, काका, पाच बोटांचा एक नियम आहे. पुस्तकाचं मधलंच पान उघडायचं, अडेल त्या शब्दाला एक बोट वर करायचं. पान संपायच्या आत पाच बोटं झाली तर ते पुस्तक अजून जड आहे, परत फळीवर. दोन-तीन झाली तर बरोबर.

“पाच बोटं?” काका म्हणाले. “आमच्या वेळी पाची बोटं गालावर असायची.”

लेकीला मात्र नियम म्हटला की हुरूप येतो. काकांना मधलं पान मान्य नव्हतं. सुरुवातीपासून वाच म्हणाले. रात्र पहिली, सावित्री-व्रत. एक बोट तर नावातच गेलं. तिसऱ्या ओळीला पंजा उघडा पडला. ती काकांकडं बघत राहिली.

“दुसरा हात काढ,” काका म्हणाले.

मग मला भाषण झालं. ह्या गावात १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, माहीत आहे काय? माहीत आहे. भागवतांचा फास्टर फेणे आणलात काय? आणला होता, वाचूनही दाखवला. फेणे आवडला, पण “फुरसुंगी कुठं येतंय? यळ्ळूरच्या पुढं?” ह्यावर आमचं गाडं अडलं.

आणि खरं सांगायचं तर इथं मलाही राग येतो, काकांवर नाही तेवढा. पुण्याची पोरं पुस्तकात सायकल मारतात, कोकणातली आंबे पाडतात. काकतीच्या पोराला सायकल नाही काय? चोर काय फक्त पुण्यातच चोऱ्या करतात? पुस्तकातल्या मुली ‘अय्या’ म्हणतात, आमच्या ‘काय की बाबा’ म्हणतात. ते ‘काय की’ छापलेलं आमच्या पोरीनं अजून बघितलेलं नाही. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला आम्हाला सवड असते. पोरांसाठी चाळीस पानांची गोष्ट लिहायला कुणाला नसते. मलाही नाही, म्हणून तर दुकानात आलो.

हे मी काकांना ऐकवणार होतो. वळून बघतो तर लेक खालच्या फळीशी फतकल मारून बसलेली, हातात कन्नड पुस्तक, मुखपृष्ठावर झाडावर चढलेलं पोरगं. ओठ हलत होते, बोट एकही वर नव्हतं.

“काय वाचतंय ते?” काकांनी विचारलं.

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अख्खं पान, न अडखळता. आता काका काय बोलतात म्हणून मी अंग चोरून उभा. काका स्टुलावर बसले आणि चोख कन्नडात तिला काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. काका हसले. तिनं पुढचं वाचलं, काका मांडीवर थाप मारून हसले, पीठ उडालं. दोघं एकाच चित्रावर वाकलेली.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुम्हाला न्हाई कळायचं,” काका म्हणाले.

तेवढ्यात गिरणीतून हाक आली आणि ते गेले. जाताना ‘श्यामची आई’ माझ्या हातात ठेवून गेले.

“दोन्ही करू?” दुकानदार.

“हे त्यांनी काढलं होतं.”

“तुमच्याबरोबरचेच होते की. आता पिठाचं पुस्तक कोण घेणार, सांगा बघू?”

रात्री लेकीनं दोन प्रकरणं मला मराठीत सांगितली. पोरगं झाडावर, अंधार, आणि खाली कुणीतरी बॅटरी मारतंय. “उरलेलं उद्या,” म्हणून कूस वळवून झोपली.

मी पुस्तक उघडलं. माझं कन्नड म्हणजे पस्तीस मार्कांचं, त्यानंतर बसच्या पाट्यांपुरतं. पहिल्या ओळीतच पाची बोटं संपली. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. दुसरा हात काढला, तोही दोन ओळी टिकला.

झाडाखाली कोण आलं ते सकाळी शाळेची रिक्षा यायच्या आत विचारायला पाहिजे.