३०० डिग्रीचा कॅम घाटात उडत नाही, गुदमरतो

जुनी सोळा व्हॉल्व्हची मारुती जिप्सी किंग बाळगणाऱ्यांत सध्या एक सल्ला फिरतोय: ‘३०० डिग्रीचा रेस कॅम टाका, हेडचे पोर्ट मोठे करून आरशासारखे चमकवा, हेड अर्धा मिलिमीटर घासा. पॉवर वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरात चढेल. आयडलिंगला गाडी थरथरली म्हणजे काम झालं.’ कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, डिग्री म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो त्याचं क्रँकच्या अंशांतलं माप; हेड म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्हवाला भाग, पोर्ट म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा. यातल्या हेड घासण्यात थोडं तथ्य आहे. बाकीचं ट्रॅकवर शोभतं, चिपळूण-पाटण रस्त्यावर नाही.

‘कॅम मोठा तितकी पॉवर.’ कुठल्या आरपीएमला, ते आधी विचारा. कॅमच्या डब्यावरचा डिग्रीचा आकडा फारसा कामाचा नसतो, कारण प्रत्येक ग्राइंडर (कॅम घासून बनवणारा) तो वेगळ्या लिफ्टपासून, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला तिथपासून, मोजतो. १ मिमी लिफ्टवरची ड्युरेशन (उघडं राहण्याचे अंश) मागा आणि इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह कधी बंद होतो ते बघा. लोब सेंटर (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला, म्हणजे लोबमधला, कोन) ११० धरलं, तर ३०० डिग्रीच्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर ८० अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टन स्ट्रोकचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वर आलेला असतो. ६५०० आरपीएमला आत घुसणाऱ्या हवेचा जोर एवढा असतो की ती तरीही भरत राहते. २५०० ला तो जोर नसतो, आणि पिस्टन तीच हवा मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) परत ढकलतो. २५६ डिग्रीच्या कॅममध्ये हाच व्हॉल्व्ह ५८ अंशांवर मिटतो. घाटात वळणावळणाला इंजिन २००० ते ३५०० मध्ये असतं. तिथे ३०० चा कॅम म्हणजे तिसरा सोडाच, दुसऱ्यातही क्लच सोडताना गाडी मान टाकणार. रोजच्या गाडीला २५० ते २६० च्या आत राहा. लिफ्ट थोडी वाढली तरी हरकत नाही.

‘थरथर म्हणजे पॉवर.’ थरथर म्हणजे ओव्हरलॅप. वरच्या हिशोबाने ३०० च्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ८० अंश एकत्र उघडे राहतात, २५६ मध्ये ३६. आयडलिंगला जळका धूर इनटेकमध्ये शिरतो, व्हॅक्युम पडतो. या इंजिनाचा ईसीयू (कॉम्प्युटर) मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतो. व्हॅक्युम पडला की त्याला लोड वाढल्यासारखं वाटतं आणि तो जास्त पेट्रोल ओततो. न जळलेलं पेट्रोल बाहेर पडून पीयूसीत हायड्रोकार्बन वाढतो तो वेगळाच. ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्युमवर चालतो. घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि आरपीएम वर असतात, म्हणून तिथे कळत नाही. गणपतीत माणगावच्या रांगेत दोन-चार वेळा पेडल दाबलं की ते लाकडासारखं कडक होतं.

‘पोर्ट मोठे करा.’ कंपनीचेच आकडे घ्या: ४५०० ला १०३ न्यूटन-मीटर, ६००० ला ८० बीएचपी. ८० बीएचपीचा हिशोब मांडला तर ६००० लाही सुमारे ९५ न्यूटन-मीटर टॉर्क उरतो. म्हणजे या सोळा व्हॉल्व्हच्या हेडला ६००० पर्यंत धाप लागतच नाही. पोर्ट रुंद केला की हवेचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. पैसे व्हॉल्व्ह सीटवर घालवा: ३०-४५-६० असा तीन कोनांचा कट, आणि सीटमागच्या पहिल्या १०-१५ मिमीतल्या धारा व ओतकामाचे उंचवटे काढणं. पोर्टच्या वळणाची आतली बाजू खरवडू नका. तिथे हवेचा प्रवाह भिंत सोडतो, आणि पलीकडे पाण्याचं जॅकेट असतं. इनटेक ८० च्या पॉलिश पेपरइतका खरबरीत असू द्या, गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे ओघळ धरतात. चमकवायचाच असेल तर एक्झॉस्ट चमकवा, काजळी कमी धरेल.

हेड घासणं. एका सिलिंडरचा स्ट्रोक ३२५ सीसीचा. कॉम्प्रेशन ९.५ धरलं तर वर ३८.२ सीसी जागा उरते. अर्धा मिमी घासला की चेंबरच्या आकाराप्रमाणे दीड-पावणेदोन सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९.९ च्या आसपास येतं. हे चालेल. पण हेड खाली बसल्याने बेल्टवरचा कॅम क्रँकच्या साधारण एका अंशाने मागे पडतो. तो अ‍ॅडजस्टेबल पुलीने परत आणावा लागतो. आणि कोल्हापुरात इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) अगदी काठावर ट्यून करून आणू नका. किनाऱ्यावर हवेचा दाब तिथल्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी जास्त, सिलिंडर जास्त भरतो. वर गप्प असलेली गाडी खाली चढाला नॉक करते, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं.

अ‍ॅव्हरेज? वाढत नाही.

तरीही कॅम बदलायचाच, तर बसवताना चुकतं ते इथे. जुनाच कॅम घासून मिळत असेल तर त्याचा बेस सर्कल (लोबचा गोल तळभाग) लहान होतो. टॅपेट स्क्रू (व्हॉल्व्हची फट जुळवणारा) पुरतो का, रॉकर (लोब आणि व्हॉल्व्हमधली दांडी) लोबच्या मधोमध बसतो का, ते बघा. घासताना कडक थर गेला असेल तर नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करणारी प्रक्रिया) करून घ्या, नाहीतर लोब झिजतो. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांची मऊ खेळमाती) लावून जुन्या गॅस्केटवर हेड कसा, टॅपेट सेट करा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग ठसा कापून मोजा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून एक मिमी तरी मोकळं हवं. पावसाळ्यात हेड उतरवून ठेवलात तर सिलिंडरला तेल चोपडून झाका, इथल्या हवेत रात्रीत तांबूस थर येतो. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलिंगला सोडू नका. २००० ते २५०० वर वीस मिनिटं ठेवा, म्हणजे लोबवर तेल उडत राहील. ५०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना टॅपेट पुन्हा तपासा.