नर्सीचे नामदेव आणि महाभारतकार विष्णुदास नामा

कार्तिक शुद्ध एकादशीला, संत नामदेवांच्या जयंतीच्या सुमारास, हिंगोली-परभणी भागात मोबाईलवर एक संदेश फिरतो. नर्सीच्या नामदेवांनीच ‘विष्णुदास’ या नावाने मराठी महाभारत रचले आणि शिखांच्या ग्रंथातील नामदेव उत्तरेकडचे कोणी निराळेच संत होते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे जे दोघे होते त्यांचा एक केला आणि जो एक होता त्याचे दोन केले!

महाभारताचा मुद्दा काळावरच निकालात निघतो. संत नामदेव १२७० ते १३५० या काळातले, ज्ञानेश्वरांचे सांगाती. ओवीबद्ध महाभारत रचणारे विष्णुदास नामा मात्र सोळाव्या शतकातले, पैठणच्या एकनाथांचे समकालीन.

नाममुद्रेचा पुरावा संदेशकर्त्याला निर्णायक वाटतो. गाथेतल्या अनेक अभंगांच्या शेवटी ‘विष्णुदास नामा’ येते, हे खरेच आहे. पण विष्णूचा दास म्हणवून घेणे ही वारकऱ्यांची सर्वसाधारण रीत असल्याने या मुद्रेवरून फार तर भक्ती कळते, माणूस ठरत नाही. उलट, याच सारखेपणामुळे जुन्या संग्राहकांनी दोघांच्या रचना एकाच गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची आजही दमछाक होते. संदेशाने या गोंधळालाच पुरावा मानले आहे.

पंजाबचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात आपल्याच संताला परके ठरवले जाते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतला कवी स्वतःला छीपा, म्हणजे कापडाच्या धंद्यातला, म्हणवतो. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु’ असे म्हणत विठ्ठल सर्वत्र पाहतो. देवळातून हाकलले गेल्यावर देऊळ फिरल्याची जी कथा सांगतो, तीच औंढा नागनाथला आजही सांगितली जाते. शिवाय ‘आनीले’, ‘भराईले’ ही क्रियापदांची वळणे मराठी कानाला ओळखीची आहेत. इतके सारे जुळत असताना दुसरा नामदेव कल्पायचा कशासाठी?

पंढरपूर आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान अशी दोन समाधिस्थाने असल्याने संतही दोन, हा शेवटचा युक्तिवाद तर टिकतच नाही. परंपरेने नामदेवांना पंजाबात दीर्घकाळ राहिलेले मानले आहे, आणि जिथे संत राहिला तिथे त्याचे स्थान उभे राहते. पंढरपुरात महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे, म्हणून घुमानचे स्थान परक्याचे ठरत नाही.