हो, हत्यारच आहे

आज सकाळी माझ्या बाबांचा चाकू गेला. हरवला नाही आणि चोरीलाही गेला नाही. एका इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी, तपासणीच्या टेबलावरून, गणवेशातल्या एका तरुणाने तो उचलला आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून दिला. पावती मिळाली नाही, परत कधी मिळेल याचे उत्तर मिळाले नाही, आणि मुख्य म्हणजे त्याने बाबांना एकही प्रश्न विचारला नाही. इमारत कोणती ते लिहिणार नाही, कारण माझे भांडण त्या एका दाराशी नाही.

बाबांनी चाळीस वर्षे वायरमनचे काम केले. त्या घडीच्या चाकूचे पाते जेमतेम अडीच इंचांचे, पोलादी, धार लावून लावून मधोमध झिजलेले. वायर सोलणे, टेप कापणे, सुतळी तोडणे आणि पेन्सिलीला टोक काढणे यापलीकडे त्या पात्याने आयुष्यात काही पाहिलेले नाही. तो तरुण म्हणाला, "आजोबा, हे हत्यार आहे." त्यावर बाबा अगदी मनापासून म्हणाले, "हो, हत्यारच आहे." त्यांच्या लेखी पक्कड, टेस्टर, हातोडी आणि चाकू ही सगळी हत्यारेच. दोघेही खरे बोलत होते, आणि त्या एका शब्दावर निकाल लागून गेला.

संताप शमेना म्हणून दुपारभर कायदे वाचत बसले. गंमत अशी की कायदा त्या टेबलापेक्षा पुष्कळ समंजस आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या करतानाच, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून चक्क लाठी आणि साधी हातकाठी यांची नावे घेतली आहेत. २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी पात्याची लांबी ९ इंचांपेक्षा किंवा रुंदी २ इंचांपेक्षा जास्त अशी मर्यादा घातली आहे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती बाजूला ठेवली आहेत. म्हणजे ज्याने हे लिहिले त्याला हत्यार या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक होते.

इतर देशांतही घरात चाकू असणे ही एक गोष्ट आणि तो खिशात घालून बाहेर पडणे ही दुसरी, असा फरक केलेला दिसतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी पाते जवळ ठेवायचे तर योग्य कारण सांगता आले पाहिजे, आणि काम, धर्म व राष्ट्रीय पोशाख ही कारणे कायद्यातच नोंदलेली आहेत. घडीचा, ३ इंचांपर्यंत धारेचा आणि पाते उघडल्यावर अडकून न बसणारा खिशातला चाकू असेल तर कारणही सांगावे लागत नाही. जपान याहून कडक आहे. तिथे ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते रास्त कारणाशिवाय सोबत नेता येत नाही, पण तिथेही 'रास्त कारण' हे शब्द आहेतच. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्याने खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात एकच हात असलेल्या माणसाला ३ इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू जवळ बाळगण्याची सूट ठेवली, कारण तो दुसऱ्या हाताने पाते उघडणार कसा? हे वाचताना मला भरून आले. कायदा लिहिणाऱ्या कुणीतरी, कधीतरी, एका हाताच्या माणसाचा विचार केला होता, आणि दोन्ही हात शाबूत असलेले माझे बाबा मात्र त्या टेबलापुढे नुसते उभे राहिले.

अर्थात, कागदावरचा शहाणपणा रस्त्यावर टिकतोच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये मनगट झटकून पाते उघडले की चाकू बेकायदा ठरत असे, आणि त्या झटक्यापायी कामाचे साधे घडीचे चाकू खिशात ठेवणारे कामगार अटकेत जात. ती बंदी उठायला २०१९ साल उजाडले. खिशातल्या वस्तूचा मालक कोण आहे, तो कुठून आला आणि कुठे निघाला आहे, हे पोलिसाच्या मनगटाला कसे कळणार?

चाकूने माणसे मरतात, हे मला मान्य आहे. ज्याच्या घरातले माणूस असे गेले, त्याला माझे हे लिहिणे पोरकट वाटले तर मी वाद घालणार नाही. आपल्या दारातून काय आत येऊ द्यायचे हे ठरवण्याचा जागेच्या मालकाला हक्क आहे, हेही खरे. पण ठरवणे वेगळे आणि न विचारता काढून घेऊन फेकणे वेगळे. "बाहेर ठेवून या" एवढे तीन शब्द त्या तरुणाला बोलता आले असते. "चाकू घरीच ठेवायचा ना!" असे सुचवायला येणाऱ्यांनी कृपया आज येऊ नये. चाळीस वर्षे ज्या खिशात एकच वस्तू राहिली, तो खिसा बाहेर पडताना तपासायचा असतो हे माणसाच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

आता लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून हेही लिहिते. तो तरुण उद्धट नव्हता. त्याच्या मागे रांग होती, पुढे डबा होता, आणि कुणाला काय विचारायचे हे त्याला कुणी शिकवलेले दिसले नाही. त्याने एखाद्याला हातातली वस्तू परत दिली आणि पुढे काही घडले, तर जाब त्यालाच विचारला जाईल, हेही तितकेच खरे. बाबांना त्याचा राग आलेलाच नाही, सगळा राग माझा आहे.

संध्याकाळी घरी पार्सल आले. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी कात्री पुढे केली, त्यांनी ती घेतली, सुतळी कापली, कात्री परत माझ्या हातात दिली. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी दिवसभरातला एकमेव प्रश्न विचारला.

"तो डबा आतून ओला नव्हता ना गं? त्या पात्याला तेल लावून आठ दिवस झालेत."