सोयीचं तेवढंच खरं? यरीहोच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खोचक आहे, पण नेमकीही आहे, म्हणून सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: जेरुसलेमला बायबलमधल्या हिज्कीया राजाच्या बोगद्यात मी भारावून जाते आणि यरीहोला पोचले की लगेच शंका काढते, म्हणजे सोयीचं तेवढं खरं, बाकी दंतकथा. पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टांग यांना यरीहोची पडलेली भिंत सापडली होती, जळक्या धान्याचे रांजण निघाले होते, ते मी गाळलं. आणि संशोधकांची मतं दर वीस वर्षांनी फिरतात, बायबलचं वचन फिरत नाही, मग त्यांच्या नादी लागायचंच कशाला?

आधी गार्स्टांग. १९३० ते १९३६ या काळात त्यांनी तेल एस-सुलतानच्या, म्हणजे जुन्या यरीहोच्या, टेकाडावर उत्खनन केलं. कोसळलेल्या कच्च्या विटांची भिंत सापडली, ती यहोशवाच्या वेळची (बायबलात त्याच्या लोकांनी शिंगं फुंकल्यावर यरीहोचा तट कोसळतो), साधारण इ.स.पू. १४००ची, असं त्यांनी जाहीर केलं. इथवर तुमचं बरोबर. पण या खापरांचा फेरतपास करायला त्यांनीच कॅथलीन केनियन यांना सांगितलं होतं, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. पुढे १९५२ ते १९५८ केनियनबाईंनी तिथे नव्याने खणलं. त्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या तालमीतल्या. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यांच्या पद्धतीत चर सरळ उभा कापतात, मध्ये न खणलेले बांध राखतात आणि त्या कापात थर वाचतात: कुठली राख कुठल्या भिंतीच्या खाली जाते, कुठली वर चढते, पाया घालताना कुठला जुना थर फोडला. असं वाचल्यावर गार्स्टांगची भिंत त्यांनी सांगितलेल्या काळाहून हजारएक वर्षं जुनी निघाली. ज्या गावाला मोठी आग लागली ते इ.स.पू. १५५०च्या सुमारास संपलं होतं. यहोशवा यायला हवा त्या काळातली वस्ती अगदी किरकोळ, आणि तिला तटबंदी होती याचा पुरावा केनियनबाईंना मिळाला नाही.

रांजण खरेच आहेत, त्यातलं धान्य करपलेलं आहे हेही खरं. पण १९९५मध्ये त्या आगीच्या थरातल्या दाण्यांचं कार्बन-कालमापन प्रसिद्ध झालं. ते इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासचे ठरतात. यहोशवाला तुम्ही १४००ला ठेवा नाही तर १२००ला, ती आग त्याची होत नाही. आणि केनियनबाईंचं बायबलशी काही वाकडं होतं असंही नाही. त्यांचे वडील सर फ्रेडरिक केनियन ब्रिटिश म्युझियमचे संचालक आणि बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचे मोठे जाणकार. घरातच बायबल मुरलेलं.

खरं सांगायचं तर यरीहोला गेल्यावर माझी चिडचिड वेगळ्याच गोष्टीची झाली. केनियनबाईंच्या चरात, कठड्यावरून खाली वाकलं की, एक गोल दगडी बुरूज दिसतो. साडेआठ मीटर उंच, आत बावीस पायऱ्या, इ.स.पू. ८०००च्या आसपासचा. तेव्हा तिथल्या माणसाला मडकंही घडवता येत नव्हतं! आमच्या ग्रुपने बुरुजाकडे पाठ करून यहोशवाचा सहावा अध्याय वाचला, एकाने हौसेने शिंग फुंकलं, फोटो झाले आणि सगळे केबल कारच्या रांगेत. बुरुजाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता बोगदा. तुम्हाला वाटतं मी तिथे डोळे मिटून विश्वास ठेवला. २ राजे २०:२० म्हणतं की हिज्कीयाने तळं आणि पाट करून पाणी शहरात आणलं. गीहोन झऱ्यापासून शिलोआमच्या तळ्यापर्यंतचा बोगदा ५३३ मीटर आहे. नागमोडी, काही ठिकाणी खांदे दोन्हीकडे घासतात, पाणी कुठे घोट्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत. टॉर्च भिंतीजवळ धरली की टिकावाचे तिरपे घाव दिसतात. बरंच आत गेल्यावर एके ठिकाणी त्या घावांची दिशाच उलटते. तिथवर एक टोळी उत्तरेकडून आली, दुसरी दक्षिणेकडून. १८८०मध्ये दक्षिण तोंडाजवळ भिंतीत कोरलेला लेख सापडला, त्यात हेच आहे: तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग टिकाव टिकावाला भिडला आणि पाणी बाराशे हात वाहत गेलं. मूळ लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे, कारण तेव्हा राज्य उस्मानी तुर्कांचं होतं.

पण त्या लेखात हिज्कीयाचं नाव नाही. कुठल्याच राजाचं नाही, देवाचंही नाही. हे मी माझ्या यरीहोच्या लेखात लिहिलं होतं. बोगदा त्या काळाचा मानण्याला आधार आहे अक्षरांच्या वळणाचा आणि २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनाचा. गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचे अवशेष आणि छतावरचे चुनखडीचे लोंबते खडे तपासले, काळ इ.स.पू. ७००च्या जवळ आला. तरीही रॉनी राइख आणि एली शुक्रोन हे उत्खननकार बोगदा आणखी काही दशकं जुना मानतात. म्हणजे शंका मी इथेही घेतली, फक्त उत्तर वेगळं आलं.

सगळ्यात गंमत लाखीशला आहे, हिज्कीयाच्या राज्यातल्या तटबंदीच्या गावाला. माझ्या लेखातल्या त्या भागाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे हिज्कीयाच्या राज्यावर, चालून आला. बायबल सांगतं की तो लाखीशला असताना हिज्कीयाने त्याला खंडणी पाठवली, ३०० किक्कार (तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी आणि ३० किक्कार सोनं. सन्हेरीबाच्या मातीच्या लोलकावर, म्हणजे लेख कोरलेल्या बहुपैलू ठोकळ्यावर, असलेल्या हिशेबात सोनं तितकंच, ३०. चांदी मात्र ८००! दोन शत्रूंच्या वह्यांत सोन्याचा आकडा जुळावा यापेक्षा चांगली साक्ष कुठली हवी? आणि चांदीत कोण खोटं बोलतोय ते तुम्हीच ठरवा. माझा संशय सन्हेरीबावर. तो ४६ तटबंदीची गावं घेतल्याचं सांगतो, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं जेरुसलेममध्ये कोंडलं म्हणतो, पण जेरुसलेम घेतलं असं काही म्हणत नाही. बढाई मारणाऱ्याचं हे मौन फार बोलकं आहे. निनवेच्या त्याच्या महालात लाखीशच्या वेढ्याची भिंतभर शिल्पं होती, ती आज लंडनला आहेत. तटाला लावलेला चढाव त्यांत कोरलाय, आणि तोच चढाव, दगडांचा, लाखीशच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आजही उभा आहे. तिथे लोखंडी बाणाग्रं आणि गोफणीचे गोटे ढिगाने सापडले. एका रात्रीत १,८५,००० सैनिक देवदूताने मारले, हे मात्र कुठल्याही चरात सापडणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. तो प्रांत तुमचा, संडे स्कूलचा.

मग एकाच ग्रंथाला दोन न्याय का? आपल्याकडे सभासद बखरीतही शिवाजीमहाराज आहेत आणि शंभरएक वर्षांनी लिहिलेल्या चिटणीस बखरीतही, पण कुणी दोन्हींवर सारखाच भार टाकत नाही. हिज्कीयाच्या हकिकती घटनेच्या जवळच्या नोंदींवर बेतल्या असाव्यात. यहोशवाच्या पुस्तकाला आजचं रूप कित्येक शतकांनी आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

राहता राहिलं मतं फिरण्याचं. फिरतात, पण नेहमी तुमच्या विरुद्ध फिरतात असं नाही. काही विद्वान दावीद राजा काल्पनिक म्हणत होते, तोवर १९९३मध्ये तेल दान इथे इ.स.पू. नवव्या शतकातला दगड निघाला आणि त्यावर ‘दावीदाचं घराणं’ असा उल्लेख. शिलोआमचं तळं म्हणून भाविकांना दाखवायचे ते बायझंटाईन काळातलं होतं. २००४मध्ये सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना जवळच येशूच्या काळातल्या पायऱ्या उघड्या पडल्या. हे कळलं ते खणल्यामुळेच.

तुमचा ग्रुप परिस्थिती निवळल्यावर जाणार आहे म्हणता, तर टूरवाल्याकडून लाखीश आत्ताच लिहून घ्या. नेहमीच्या यादीत ते क्वचितच असतं, पण जेरुसलेमहून बसने तासाभराच्या आसपास लागतो. बोगद्यासाठी भिजले तरी चालतील असे, मागे पट्टा असलेले सँडल घ्या. ज्यांना बंदिस्त जागेत गुदमरायला होतं त्यांना शेजारच्या कोरड्या वाटेने पाठवा. यरीहोला सकाळीच जा, समुद्रसपाटीखालचं गाव आहे, दुपारी उभं राहवत नाही. आणि सहावा अध्याय वाचायचा तर खुशाल वाचा, फक्त बुरुजाकडे तोंड करून.