निकाल न लागलेल्या माणसाची साक्ष

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 24, वचन 27. दोन वर्षं उलटल्यावर रोमी सुभेदार फेलिक्सच्या जागी फेस्त आला आणि फेलिक्स जाताना येशूचा प्रेषित पौल याला कैदेतच ठेवून गेला. बस, एवढंच. माणसाच्या आयुष्यातली दोन वर्षं हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने एका वचनात आटोपली आणि आपणही वाचताना तिथे थांबत नाही. आपल्याला पौलाच्या पुढच्या समुद्रप्रवासातल्या तुफानाची, फुटलेल्या तारवाची, मिलिता (माल्टा) बेटाची घाई असते.

मी मात्र सध्या याच वचनापाशी अडून बसलो आहे.

त्याआधी काय घडलं ते आठवा. यरुशलेमेत पौलाच्या जिवावर टपलेल्या 40 हून अधिक माणसांनी, त्याला मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी शपथ वाहिली होती. पौलाच्या बहिणीच्या मुलाला ते कळलं, पौल ज्या गडात अटकेत होता तिथे जाऊन त्याने सांगितलं. मग रोमी सरदार क्लौद्य लुसियाने 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालाईत देऊन रातोरात त्याला सुभेदार फेलिक्सकडे, कैसरिया शहराला रवाना केलं. पाच दिवसांनी प्रमुख याजक हनन्या तिर्तुल्ल नावाचा वकील घेऊन हजर. आरोप काय, तर हा माणूस पीडा आहे, बंड उठवतो, नासोरी (म्हणजे येशूला मानणाऱ्या) पंथाचा पुढारी आहे, मंदिर विटाळायला निघाला होता. ज्यांनी मुळात मंदिरात ओरड केली ते आसिया प्रांतातले (आजच्या तुर्कस्तानातले) यहूदी मात्र सुनावणीला आलेच नव्हते. पौलाने ते तोंडावर सांगितलं. खटल्यात दम नाही हे फेलिक्सला कळलं असणारच. तरी त्याने पुढची तारीख दिली.

का दिली, हे लूक आडपडदा न ठेवता सांगतो. पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याला आशा होती, म्हणून तो त्याला वरचेवर बोलावून घ्यायचा. मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, असं पौल सुनावणीत बोलून गेला होता. मला वाटतं, फेलिक्सचे कान तिथेच टवकारले असावेत. पौलाच्या माणसांना भेटायला मुभा होती. ख्रिस्ती मंडळ्यांकडे शब्द टाकला असता तर रक्कम उभी राहिली असती. सुभेदाराचे हात ओले केले की दार उघडणार होतं, आणि बाहेर केवढं काम पडलं होतं! पौलाने ते केलं नाही.

उलट बोलावणं आलं की तो काय बोलायचा? नीतिमत्ता, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय. शेजारी फेलिक्सची बायको द्रुसिल्ला बसलेली. पहिल्या नवऱ्याला सोडून ती फेलिक्सकडे आली होती, असं त्या काळच्या योसेफस या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. ज्याच्या हातात सुटका आहे त्याच्यापुढे नेमके हेच विषय काढायचे! फेलिक्स घाबरला आणि आता जा, सवड झाली की बोलावीन, म्हणाला.

माझ्या मते पौलाची सगळ्यांत मोठी साक्ष हीच. पुढे राजा अग्रिप्पा आणि त्याची बहीण बर्णीका थाटामाटात आले, त्यांच्यापुढचं भाषण आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या भाषणाच्या वेळीही त्याच्या हातात बेड्या होत्याच. माझं ऐकणारे सगळे माझ्यासारखे व्हावेत, या बेड्या मात्र सोडून, हे तो बेड्यांतूनच म्हणाला.

आता आपल्या साक्षीच्या सभा पाहा, जिथे देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोक उठून सांगतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा मिळाला, घराचा दावा जिंकला. प्रभूची स्तुती असो, मलाही या साक्षी ऐकून आनंद होतो. पण आमच्या मंडळीतल्या एक ताई, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं आजारपण आहे, त्या पूर्वी उठून बोलायच्या. हल्ली शेवटच्या बाकावर बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "दादा, अजून काहीच झालं नाही, मग काय सांगू?"

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ताई रोज पहाटे उठून प्रार्थना करतात, औषधं देतात, आणि औषधाच्या दुकानात उधारी थकलेली असतानाही दशांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा वाटा, काढून ठेवतात. हे सांगण्यासारखं नाही, असं त्यांना आपणच शिकवलं. निकाल लागल्यावरच बोलायचं असा नियम असता, तर कैसरियातल्या पौलालाही आपण बोलू दिलं नसतं.

म्हणून साक्षीची सभा चालवणाऱ्या बंधुभगिनींना हात जोडून विनंती आहे. ज्यांची प्रार्थना अजून तशीच पडून आहे, त्यांनाही नाव घेऊन पुढे बोलवा. त्यांचं बोलून झाल्यावर लगेच उठून "विश्वास वाढवा, होईल सगळं" असं म्हणू नका. त्यांना बोलू द्या, नीट ऐका, आणि सभा संपल्यावर त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाणार ते तिथेच ठरवा.