छपराचे पैसे

गोव्यात मोपा विमानतळाच्या पार्किंगमध्ये, स्वतः चालवायला भाड्याने गाड्या देणारा गाडीवाला म्हणाला, "ऑटोमॅटिक हॅचबॅक संपल्या. मॅन्युअल घ्या, नाहीतर थोडे वर टाकून थार." थोडे म्हणजे जवळपास दुप्पट.

त्याच थारवरून सांगलीकडचे एक काका आधीच हुज्जत घालत होते.

"बाजूला दारं किती?"

"दोन."

"एर्टिगाला चार. हिच्यात माणसं?"

"चार."

"एर्टिगात सात. मग हिचं भाडं जास्त कसं? वर छप्परसुद्धा कापडाचं! पत्र्याचे पैसे वजा करा."

"काका, ते छप्पर उघडतं. त्याचेच तर पैसे."

"मी उघडणार नाही. लिहून देतो."

मागे काकू पुढची सीट वाकवून आत शिरत होत्या. एक पाय थारमध्ये, एक पेडणे तालुक्यात.

गाडीवाला शांतपणे म्हणाला, "एर्टिगात फॅमिली बसते. थारमध्ये फोटो बसतो."

अख्खं दरपत्रक एवढंच आहे. गाडीचा हप्ता, विमा, देखभाल आणि विकताना होणारी तूट यांवर भाड्याचा तळ ठरतो. त्यावरचे मजले मात्र मागणीचे. म्हणून पावसाळ्यात अंगणात भिजणारी थार नाताळात नवरदेव होते. स्वस्त म्हणून छोट्या गाड्या आधी संपतात, काही गाडीवाले तर हाताशी असलेल्या गाड्यांपेक्षा जास्त बुकिंग घेऊन ठेवतात. मग 'फ्री अपग्रेड' मिळतं. मोठ्या गाडीचं जास्तीचं पेट्रोल आपलं, वर डिपॉझिटही बघून घ्यावं, तेही वर्गानुसार चढतं. दिवस २४ तासांचा, चावी हातात आल्यापासून. सकाळी ११ ला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी रात्रीच्या विमानापर्यंत ठेवली की पुढचा दिवस किंवा तासांचं मीटर सुरू. एवढं करून भाड्याच्या गाडीच्या काळ्या नंबरपाटीवरची पिवळी अक्षरं गावभर सांगतात की पाहुणा आला, भाव वाढवा. शहाळीवाल्यालासुद्धा ती लांबून वाचता येतात.

खरा राग ऑटोमॅटिकचा. शोरूममध्ये हॅचबॅकच्या एएमटीला, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मॉडेलला, मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार जास्त पडतात. इथे दिवसाला ५०० जादा, म्हणजे भाड्याच्या १०० दिवसांत वसूल. ताफ्यात ऑटोमॅटिक कमी आणि मागणारे जास्त, म्हणून पुढेही ५०० चालूच. ते मी आगाऊ भरले होते. परत मागितले, तर मॅन्युअलची चावी हातावर ठेवत म्हणाला, "पुढच्या ट्रिपला ॲडजस्ट करू."

काका तोवर स्टेपनीच्या वजनावर आले होते.